परदेशी चिल्लर जाते कुठे?

मुलांनो, घरातला एखादा जुना बिस्किटांचा डबा उघडून पाहा. बटणं, सुया, बंद पडलेलं घड्याळ, आणि तळाशी दोन-चार अनोळखी नाणी! कुणाचे काका दुबईला असतात, कुणाची मावशी लंडनला. सुट्टीवर आले की खिशात उरलेली चिल्लर "घे रे, खेळायला" म्हणून हातावर ठेवतात.

आमच्या वर्गात एकाने असाच एक दिरहॅम आणला होता. त्यावर लांब चोचीच्या कॉफीच्या सुरईचं चित्र. "बाई, याचे किती रुपये येतील?" त्याचा पहिला प्रश्न. भाव पेपरात छापून येतो, पण खरं उत्तर असं की, बहुतेक काहीच येणार नाहीत! चलन बदलून देणारे परदेशी नोटा घेतात, नाणी सहसा घेत नाहीत. नोट पाकिटात मावते. नाणी मात्र निवडायची, मोजायची आणि शेवटी त्याच देशात परत पाठवायची, कारण ती चालणार फक्त तिथे. एवढा खटाटोप दोन नाण्यांसाठी कोण करील? गंमत म्हणजे आपल्या कायद्यात परदेशी नोटा किती जवळ ठेवाव्या याला मर्यादा आहे, पण नाणी हवी तितकी ठेवा!

पण एका नाण्याचं जे होत नाही, ते पोतंभर नाण्यांचं होतं. संयुक्त राष्ट्रांची युनिसेफ ही संस्था जगभरच्या मुलांसाठी काम करते. तिने १९८७ साली विमान कंपन्यांना हाताशी धरून एक योजना सुरू केली. परतीच्या विमानात प्रवाशांना छोटं पाकीट द्यायचं. उरलीसुरली चिल्लर त्यांनी त्यात टाकायची. हाँगकाँगची कॅथे पॅसिफिक १९९१ मध्ये या कामात आली, आयर्लंडची एअर लिंगस १९९७ मध्ये. आता विचार करा, एका विमानात दोन-तीनशे माणसं, आणि अशी विमानं रोज किती!

मग येतं निवडण्याचं काम, अगदी तांदूळ निवडावेत तसं. मध्ये भोक असलेलं नाणं दिसलं तर ते जपानचं ५ किंवा ५० येनचं, किंवा डेन्मार्कचंही असू शकतं. युरोची १, २ आणि ५ सेंटची तांबूस नाणी लोहचुंबकाला चिकटतात, कारण आत पोलाद आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. १०, २० आणि ५० सेंटची पिवळी नाणी चिकटत नाहीत. तुमच्याकडे असतील तर करून पाहा.

आता थोडं गणित, घाबरू नका! युरोचं १ सेंटचं नाणं २.३ ग्रॅमचं. म्हणजे एक किलोत ४३४ नाणी, किंमत जेमतेम ४ युरो ३४ सेंट. २ युरोचं नाणं ८.५ ग्रॅमचं. किलोत बसतात ११७ नाणी, पण किंमत २३४ युरो! वजन तेच, वाहतुकीचं भाडंही तेच. जपानचं १ येनचं ॲल्युमिनियमचं नाणं बरोबर १ ग्रॅमचं असतं. त्याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि नाणी डब्यात फार वर्षं ठेवून चालत नाही, बरं का. १ जानेवारी २००२ ला युरोपातल्या १२ देशांत युरोची नाणी-नोटा आल्या आणि फ्रान्सचा फ्रँक, जर्मनीचा मार्क बाजारातून गेले. फ्रँकची नाणी बदलून घ्यायची मुदत १७ फेब्रुवारी २००५ ला संपली. त्यानंतर ती संग्राहकांच्या कामाची. जर्मनीची मध्यवर्ती बँक मात्र मार्कची जुनी नाणी आजही बदलून देते. ब्रिटनने जुनं गोल पौंडाचं नाणं १५ ऑक्टोबर २०१७ नंतर व्यवहारातून काढलं. मावशीने दिलेला पौंड गोल आहे की बारा बाजूंचा, जरा बघून ठेवा.

या पैशाचं पुढे काय होतं? युनिसेफ मुलांसाठी लसी आणि औषधं पुरवते. त्यातलीच एक वस्तू तुमच्या घरीही असेल, जलसंजीवनीची पुडी. ग्लुकोज आणि क्षार, एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळायचे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती. सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांतून लोकांना पाजलं. दगावणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होतं, ते ४ च्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. अशी पुडी काही रुपयांत येते. डब्यातल्या चिल्लरीत ती सहज बसते.

पालकांना एक विनंती. घरातली नाणी मुलांना नकाशा घेऊन देशाप्रमाणे लावू द्या आणि प्रत्येक देशाची वेगळी पुडी बांधा. एखादं नाणं आठवण म्हणून ठेवायला हरकत नाही. बाकीच्या पुड्या त्या देशात परत जाणाऱ्या काकांबरोबर द्या. परदेशातल्या बऱ्याच विमानतळांवर दानाच्या पारदर्शक पेट्या असतात. आमच्या वर्गातला दिरहॅमवाला आता दिवाळीची वाट बघतोय. त्याचे काका तेव्हा येणार आहेत.