विश्लेषण : सांगलीच्या स्मृतीला परदेशी लीग खेळता येते, मग पुरुष क्रिकेटपटूंना का नाही?

सातारा-सांगली म्हटलं की आधी लाल माती आणि कुस्ती आठवते. पण याच पट्ट्यात, सांगलीजवळच्या माधवनगरमध्ये लहानाची मोठी झालेली स्मृती मानधना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या व्यावसायिक लीग खेळली आहे. भारतीय संघातल्या पुरुषांना मात्र तशा टी-२० लीग खेळता येत नाहीत. असं का?

नियम काय सांगतो?

परदेशी लीगसाठी बीसीसीआयचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पुरुषांना ते टी-२० लीगसाठी मिळत नाही. आयपीएल आणि देशांतर्गत क्रिकेट सोडलं, तरच बाहेरची वाट मोकळी होते. कारण भारताचे स्टार खेळाडू फक्त आयपीएलमध्ये दिसतात, हीच त्या स्पर्धेची मोठी ताकद आहे. २०१२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार उन्मुक्त चंद जानेवारी २०२२ मध्ये बिग बॅश खेळला. या लीगमधला तो पहिला भारतीय पुरुष. पण त्यासाठी आधी त्याला भारतीय क्रिकेट सोडावं लागलं.

महिलांना परवानगी कशी मिळाली?

बीसीसीआयनं २०१६ मध्ये महिला खेळाडूंना परदेशी लीग खेळायला परवानगी दिली. तेव्हा महिलांसाठी आयपीएलसारखी स्पर्धाच नव्हती. त्याच वर्षी हरमनप्रीत कौरनं सिडनी थंडरशी, तर २० वर्षांच्या स्मृतीनं ब्रिस्बेन हीटशी करार केला.

यात धोका काय?

जानेवारी २०१७ मध्ये बिग बॅशमध्येच स्मृतीच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. विश्वचषक अवघ्या पाच महिन्यांवर होता आणि त्याची पात्रता फेरी तिला मुकावी लागली. जूनमध्ये ती परतली आणि इंग्लंडविरुद्ध पहिल्याच सामन्यात तिनं ९० धावा ठोकल्या. पण दुखापत लीगमध्ये झाली तरी त्याची झळ देशाच्या संघाला बसते, हे तेव्हा दिसलं.

मग फायदा काय झाला?

२०१८ मध्ये इंग्लंडच्या किया सुपर लीगमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून तिनं ४२१ धावा केल्या. स्पर्धेत त्या सर्वाधिक होत्या. २०२१ मध्ये सिडनी थंडरकडून ६४ चेंडूंत नाबाद ११४ धावा करत महिला बिग बॅशमध्ये शतक करणारी ती पहिली भारतीय ठरली. कराराचे पैसे मिळालेच, शिवाय परदेशी खेळपट्ट्यांवर दर्जेदार गोलंदाजी खेळायचा सराव झाला. भारतात तेव्हा अशी सोय नव्हती.

सांगलीसाठी हे नवं आहे का?

नाही. १९१५ मध्ये सांगलीत जन्मलेले विजय हजारे १९४९ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये रॉटनस्टॉल क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. १९५२ मध्ये ते भारताचे कर्णधार असताना विनू मंकड हॅस्लिंग्डन क्लबशी करारबद्ध होते. पहिली कसोटी हरल्यावर मंडळाला क्लबकडून मंकड यांना सोडवून घ्यावं लागलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. तेव्हा मंडळ क्लबकडे खेळाडू मागत होतं. आज परदेशी क्लब मंडळाच्या परवानगीची वाट बघतात.

पुढे काय?

२०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात बंगळुरूनं स्मृतीसाठी ३ कोटी ४० लाख रुपये मोजले. त्या लिलावातली ती सर्वात मोठी बोली होती. त्यानंतरही, २०२४ मध्ये, ती अॅडलेड स्ट्रायकर्सकडून बिग बॅश खेळली. म्हणजे दार अजून उघडं आहे. पण महिलांना परवानगी मिळाली तेव्हा घरच्या मैदानावर लीग नव्हती. आता ती आहे आणि वाढतेय. पुरुषांचा नियम उद्या महिलांनाही लागू झाला, तर सर्वात मोठा फटका स्मृतीला बसणार नाही. तो बसेल प्रीमियर लीगमधल्या पाच संघांत जागा न मिळालेल्या मुलींना.