पाट्यांची मोजणी

लिस्बनच्या आल्फामात दारापाशी वीतभर लांबीरुंदीची पारदर्शक पाटी दिसते. तिच्यावर गडद निळ्या अक्षरांत नुसतं ‘एएल’. आलोजामेंतू लोकाल, म्हणजे आपल्या ‘निवास व न्याहारी’चा पोर्तुगीज भाऊबंद, न्याहारीची मात्र खात्री नाही. २००८ साली कायद्याने या प्रकाराला नाव दिलं, २०१४ साली स्वतंत्र नियमावली आली आणि पाट्या भराभर वाढल्या. पाठोपाठ त्या मोजणारेही आले.

मोजणी सोपी वाटते. प्रत्येक फ्रेगेझियात, म्हणजे प्रभागात, नोंदण्या किती ते घ्यायचं. मेट्रोचं अंतर, जुनी घरं, भाडं ही कारणं मांडायची आणि मोजणीच्या आकड्यांसाठीचं प्वासाँ रिग्रेशन लावायचं. पण प्वासाँला सरासरी आणि प्रचरण (आकड्यांचा पसारा) सारखं लागतं. इथे कडेच्या प्रभागांत मोजक्या नोंदण्या, तर सांता मारिया मायोरमध्ये हजारो. सरासरीहून मोठा पसारा चालणाऱ्या ऋण द्विपद मॉडेलने तेवढं निभावतं, तरी उरलेल्या चुका नकाशावर रंगवाव्यात तर एकाच रंगाचे प्रभाग एकमेकांना खेटून बसतात. शेजाऱ्याचं बघून शेजारी पाटी लावतो. संख्याशास्त्रज्ञ मोरान यांचा १९५०चा निर्देशांक हा शेजारच पकडतो. भौगोलिक भारित रिग्रेशन तर प्रत्येक जागेला तिचा वेगळा गुणक देतं, आणि ते योग्यच. दक्षिण किनाऱ्यावरच्या आल्बुफेइराला समुद्र पुरतो, आल्फामाला जुनेपणा.

त्यात नकाशाही जागचा हलला. २०१२च्या कायद्याने लिस्बनच्या ५३ फ्रेगेझियांच्या २४ झाल्या. आल्फामा, मोरारिया, बायशा या वस्त्या एकाच प्रभागात गेल्या आणि त्यांच्यातला फरक सरासरीत विरला.

माझ्या मते खरी गोम पुढेच आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये लिस्बनने आल्फामा, बायरो आल्तोसारख्या वस्त्यांत नव्या नोंदण्या थांबवल्या. बंदीची कुणकुण लागली की पाहुणे ठेवायचं पक्कं नसलेला मालकही नोंदणी उरकून घेतो. हक्क हातचा का घालवा? २०२३च्या गृहनिर्माण कायद्याने देशाच्या बऱ्याच भागात नव्या नोंदण्या रोखल्या, शिवाय जुन्यांकडे व्यवसाय चालू असल्याचा पुरावा मागितला. २०२४मध्ये नव्या सरकारने त्यातलं बरंचसं फिरवलं आणि निर्णय नगरपालिकांवर सोपवला.

मग समीकरणात बसलेला नोंदण्यांचा तो आकडा पाहुण्यांच्या खाटांचा होता की मालकांच्या धास्तीचा? राष्ट्रीय नोंदवहीत प्रत्येक नोंदीची तारीख असते. मला विचाराल तर आधी ती बघावी, मेट्रोचं अंतर मागाहून.