पायांतून चढणारा अशक्तपणा आणि श्वासाच्या पडद्याची सोनोग्राफी

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला बाळंतपण आठवते, नाहीतर मुतखडा. गाय गाभण आहे की नाही हे पाहायलाही पशुवैद्य हे यंत्र वापरतात. पण रोग्याचा श्वास दगा देणार आहे, याची आगाऊ सूचनाही हे यंत्र देऊ शकते. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच ‘जीबीएस’ या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. पाहता पाहता आकडा दोनशेच्या वर गेला. कित्येकांना व्हेंटिलेटर लावावा लागला, काही दगावले. नागपुरातही रुग्ण आढळले. आजार नवा नाही. फ्रान्समधील डॉक्टरांनी १९१६ साली त्याचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. एरवी वर्षाला लाखात एक-दोघांनाच तो होतो.

आजार होतो कसा?

जुलाब किंवा सर्दी-ताप येऊन जातो. शरीराची संरक्षक शक्ती त्या जंतूशी लढते. पण काही जंतूंची ठेवण आपल्या मज्जातंतूंशी मिळतीजुळती असते. मग राखणदाराने चोर समजून घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसे होते. पुण्याच्या रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जंतू सापडला. दूषित पाणी आणि कच्चे राहिलेले कोंबडीचे मांस यांतून तो पोटात जातो.

विहिरीवरील मोटर धडधाकट आहे, वीजही आहे, पण केबलचे वेष्टन उंदरांनी कुरतडले तर पाणी येईल का? येथेही स्नायू चांगले असतात, त्यांना हुकूम पोचवणारी तार बिघडते. आधी पायांना मुंग्या येतात, मग उठता-बसता येत नाही. पुढे हात आणि चेहराही लुळा पडू लागतो. हे दोन दिवसांत होईल किंवा दोन-तीन आठवड्यांतही होईल.

खरा धोका कोठे?

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायूचा पडदा असतो. लोहाराच्या भात्याप्रमाणे तो हवा आत ओढतो. या पडद्याची तार बिघडली की श्वास कमी पडतो. सुमारे चार-पाच रोग्यांत एकाला व्हेंटिलेटर लागतो. पण बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र बराच वेळ चांगलाच आकडा दाखवत राहते. जुंपलेला बैल मान टाकेपर्यंत गाडी चालतच असते, तसेच हे. आकडा उतरला तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो.

सोनोग्राफी काय दाखवते?

रोग्याच्या कुशीला, खालच्या बरगड्यांच्या मधल्या जागेत, डॉक्टर यंत्राचा दांडा टेकवतात. पडद्यावर श्वासाचा स्नायू दिसतो. श्वास सोडल्यावर त्याची जाडी मोजतात, छातीभर श्वास घेतल्यावर पुन्हा मोजतात. समजा, जाडी २ मिलिमीटरची ३ झाली, तर स्नायू चांगला आकसतो आहे. ती २ ची जेमतेम सव्वादोन झाली, तर तो थकत चालला आहे. साधारणपणे २० टक्क्यांपेक्षा कमी वाढ हे अशक्तपणाचे लक्षण मानतात. आपण विहिरीची पातळी रोज पाहतो, तशी ही मोजणी पुन्हा पुन्हा करून कालच्या आकड्याशी ताडून पाहतात.

यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत, रोग्याला खाटेवरून हलवावे लागत नाही. नळीत फुंकर मारून श्वास मोजण्याची जुनी पद्धत आहेच. पण चेहरा लुळा पडलेल्याला ओठ घट्ट मिटता येत नाहीत, तेथे सोनोग्राफी फार उपयोगी पडते.

मात्र तपासणाऱ्याचा हात तयार असावा लागतो आणि एकाच आकड्यावर निर्णय होत नाही. मानेची ताकद, खोकल्याचा जोर, अशक्तपणा वाढण्याचा वेग हे सारे डॉक्टर एकत्र पाहतात. सोनोग्राफीसाठी उपचार अडवून ठेवायचे नसतात.

आपण काय करावे?

१. जुलाब-तापानंतर पायांतून वर चढणारा अशक्तपणा दिसला, तर मालीश, मंत्र किंवा ‘सलाईन लावून पाहू’ यात दिवस घालवू नका. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे, हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत गुणकारी ठरतात.

२. रोग्याला छातीभर श्वास घेऊन एका दमात भरभर आकडे मोजायला सांगा. विसाच्या आत दम तुटला, उशीवरून मान उचलेना किंवा पाणी गिळताना ठसका लागला, तर लगेच १०८ ला फोन करा. वीस मोजता आले म्हणून मात्र घरी थांबू नका.

३. पापण्या आधी मिटू लागल्या आणि रोगी रात्री जमिनीवर झोपला असेल, तर मण्यारच्या दंशाची शंका घ्या. फवारणीनंतर त्रास झाला असेल तर औषधाचा डबा सोबत न्या. दोन्ही वेळी दवाखानाच गाठा.

४. व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयातच जा. आपल्या भागात नागपूरचे मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत. उपचार महागडे आहेत, म्हणून रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर ठेवा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

५. विहिरीत टीसीएल पावडर नियमित टाका, शंका असल्यास पाणी उकळून प्या. कोंबडीचे मांस पूर्ण शिजवा. खुराड्यातील काम झाल्यावर हात साबणाने धुवा. हा आजार रोग्याला शिवल्याने होत नाही, त्यामुळे सेवा करताना भिऊ नका.

रोगी भरती झाल्यावर डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा : याच्या श्वासाची ताकद कशी मोजता? किती तासांनी मोजता? आजचा आकडा कालच्यापेक्षा कसा आहे? योग्य वेळी श्वासाला आधार मिळाला, तर बहुतेक रोगी सहा महिन्यांत पुन्हा आपल्या पायांवर चालू लागतात. धीर धरा आणि सांगितलेला व्यायाम करून घ्या.