कामावर लागलं तर आधी कागद



लोद आणि रामलेतल्या आपल्या कितीतरी माणसांनी विमानतळावर उमेद घालवली. कोणी सामान चढवलं, कोणी कार्गोत होतं, कोणी साफसफाईत. त्याला पुढे बेन गुरियन यांचं नाव मिळालं, पण आमच्या तोंडी तो अजून लोदचाच. आता नातवंडं तिथे जातात, म्हणून हे लिहितो.

सामान चढवणाऱ्याची पाठ एका दिवसात जात नाही. बोईंग ७३७ सारख्या विमानाच्या पोटात उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, कमरेत वळून बॅग मागे सरकवायची. बॅग २३ किलोची, कधी ३२ ची. अशा शेकडो. मग एक दिवस कणा बोलतो, आणि आपला माणूस म्हणतो, "वयच झालं!" इथल्या कामगार न्यायालयांनी मात्र हे ओळखलं आहे. सारखी तीच हालचाल, प्रत्येक वेळी बारीकशी इजा, आणि सगळ्या मिळून मोठी दुखापत. याला ते मिक्रोत्राऊमा म्हणतात. आपल्याकडे थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसंच. पण रोज काय उचललं, कसं उचललं, किती वर्षं, हे सिद्ध करावं लागतं.

अचानक अपघात झाला तर गोष्ट त्यामानाने सोपी. बितुआह लेउमीचा कायदा १९५४ पासून लागू आहे, आणि कामावरच्या दुखापतीचा विमा त्यात पहिल्यापासून आहे. मालकाकडून २५० नंबरचा तोफेस घेऊन कुपत होलिममध्ये जायचं. मजुरीच्या भत्त्यासाठी २११ नंबरचा तोफेस, तोही १२ महिन्यांच्या आत. आधीच्या तीन महिन्यांच्या कमाईच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ९१ दिवस. मुलगा कंत्राटदाराकडे आहे आणि त्याने हप्ते भरले नाहीत, तरी नोकरदाराचा हक्क जात नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कंत्राटदार नेमकं उलटं सांगतात.

घरून कामावर जाताना-येताना झालेला अपघातही यात धरतात. वाटेत दुसरीकडे वळलात तर अडचण येते. पण मुलाला गानमध्ये सोडायला, किंवा नेहमीच्या सिनेगॉगमध्ये सकाळच्या सामुदायिक तेफिलासाठी थांबलात, तर ते वळण चालतं. तसं कायद्यातच आहे.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द पहिल्या डॉक्टरसमोर बोलायचा असतो. "कामावर झालं." आपली माणसं भिडस्त, "काही नाही, जरा लचक भरली" म्हणतात, आणि तेवढंच लिहिलं जातं. पुढे न्यायालय त्या पहिल्या कागदाला फार मान देतं.

कानांचं वेगळं आहे. इंजिनांच्या आवाजात वर्षं काढलेल्यांनी नीट वाचावं. गोंगाटाने दोन्ही कानांत किमान २० डेसिबलची घट हवी, आणि ती वैद्यकीय नोंदीत पहिल्यांदा आली त्या दिवसापासून १२ महिन्यांत दावा करायला हवा. तपासणीचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नका, घड्याळ त्याच दिवसापासून चालू झालेलं असतं.

कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय समितीपुढे जावं लागतं. आजच्या नियमाने ९ ते १९ टक्क्यांना एकरकमी पैसे, २० पासून पुढे दरमहा पेन्शन. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत अपील. आणि ज्यांना जुन्या अपघाताची टक्केवारी आधीच मिळाली आहे, त्यांनी ध्यानात घ्यावं की दुखणं वाढलं असेल तर, मागच्या निर्णयाला सहा महिने झाल्यावर, डॉक्टरचं पत्र घेऊन फेरतपासणी मागता येते.

समितीपुढे जाण्याआधी बितुआह लेउमीच्याच 'याद मेखावेनेत' केंद्रात फुकट सल्ला मिळतो. टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या कंपन्या मिळालेल्या पैशातून वाटा घेतात. त्यांच्या कागदावर सही करण्याआधी हा फुकटचा सल्ला घ्या. दाव्याला नकार मिळाला तर कामगार न्यायालयात जाता येतं, आणि त्यासाठी न्याय मंत्रालयाकडून वकील मिळू शकतो.

हिब्रू वाचायला जड जात असेल तर जाताना नातवाला बरोबर न्या. पगाराच्या जुन्या तलूशी आणि तेव्हा शेजारी काम करणाऱ्या दोस्तांची नावं मात्र आधीच काढून ठेवा, कारण समिती पाठ बघते, पण ती पाठ कोणत्या कामाने गेली हे त्या दोस्तांनाच सांगता येतं.