स्वगताची तालीम आणि स्वररक्षण

नाट्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी अथवा स्पर्धेतील नाटकासाठी ऑडिशन देणारे तरुण आता मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आढळतात. स्वगत अवघे चार-पाच मिनिटांचे. पण त्याची तालीम पंधरवडाभर चालते. ऐन वेळी घसा बसला की विद्यार्थी आमच्याकडे किंवा थेट औषधांच्या दुकानात येतो आणि खदिरादी वटीची डबी घेऊन जातो. तालीम कशी करतोस, हे त्याला कोणी विचारीत नाही. आमच्या मते चिकित्सेचा आरंभ याच प्रश्नापासून व्हावा.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात स्वरभेदाच्या हेतूंमध्ये अतिउच्च भाषणाचा निर्देश केला आहे. वाक्प्रवृत्ती व प्रयत्न ही उदानाची कर्मे. त्याचे मुख्य स्थान उर, आणि संचार नासा, नाभी व गल यांत. श्वासाचे बळ उरातून न येता केवळ कंठ आवळून आवाज काढला की स्वरतंतू एकमेकांवर आदळून सुजतात. साध्या बोलण्यातही पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा कंप पावतात, हे ध्यानी घेतल्यास तासभराच्या आरडाओरड्याचा हिशेब सहज लागतो.

मुलांची आवड बहुधा ‘नटसम्राट’मधील स्वगतांकडे. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील अप्पासाहेब बेलवलकर म्हणजे वृद्ध नट. अठरा वर्षांचा मुलगा वार्धक्य दाखविण्यासाठी आवाज मुद्दाम घोगरा करतो, तेथेच घात होतो. ही भूमिका प्रथम साकारणारे डॉ. श्रीराम लागू मूळचे साताऱ्यात जन्मलेले आणि व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, ही गोष्ट अशा मुलांना आम्ही आवर्जून सांगतो. वय हे विरामांतून आणि शब्दांच्या गतीतून दाखविता येते. भरतमुनींनी पाठ्याचे उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे सहा अलंकार सांगितले. त्यांत मोठा आवाज सर्वत्र हवा असे कोठेही नाही.

म्हणून पहिले काही दिवस संहिता नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात वाचावी व श्वास घेण्याच्या जागा पेन्सिलीने खुणाव्यात. पूर्ण जोराने सादरीकरण दिवसातून एकदाच. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यानेही कंठावर ताण येतो. कोमट पाणी वारंवार घ्यावे. वातज लक्षणे असता सुश्रुतोक्त भोजनोत्तर घृतपान उपयुक्त. कफ किंवा ज्वर असल्यास मात्र ते टाळावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. यष्टिमधू दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णास ते विचारल्याशिवाय देऊ नये. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला, थुंकीत रक्त आले किंवा गिळण्यास त्रास झाला, तर स्वरयंत्राची तपासणी करून घेण्यास सांगावे.

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात वर्ज्य म्हणून जे आठ महादोषकर भाव गणिले, त्यांत उच्चैर्भाष्याशेजारीच रथक्षोभ आहे. मेढ्याहून साताऱ्यामार्गे पुण्यास एस.टी.ने जाणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही आदल्या दिवशीच मुक्कामी जाण्यास सांगतो, आणि गाडीत स्वगत म्हणू नकोस, असेही बजावतो.