हळद, हक्क आणि विद्यापीठ

भाजी चिरताना विळीवर बोट कापले, तर घरातील आजी प्रथम हळदीच्या डब्याकडे हात नेते. हा उपचार तिला तिच्या आजीकडून मिळालेला असतो. त्यासाठी तिने कोणाला दाम मोजलेला नसतो. असे असता २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट बहाल केले, आणि तेही एखाद्या औषध कारखान्याला नव्हे, तर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला! ज्या दोघा संशोधकांच्या नावे तो शोध नोंदला गेला, ते मूळचे भारतीयच होते.

ज्ञानदान हे ज्याचे ब्रीद, त्या विद्यापीठाला ही मालकी हवीशी का वाटावी? त्याचे उत्तर १९८० सालच्या एका अमेरिकन कायद्यात सापडते. बे आणि डोल या दोन सिनेटरांच्या नावांनी तो ओळखला जातो. तोपर्यंत सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाचे हक्क बहुधा सरकारकडे राहत, आणि अनेक शोध उपयोगात न येता कागदावरच पडून राहत. ते कारखान्यांपर्यंत पोहोचावेत, हा कायद्याचा हेतू चांगलाच होता. त्यासाठी मालकी विद्यापीठांना देण्यात आली. त्याच महिन्यात जनुकांच्या जोडणीसंबंधीचे पहिले पेटंट मंजूर झाले. त्यातून स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांना पुढे २५ कोटी डॉलरांहून अधिक स्वामित्वधन मिळाले. हे पाहून इतर विद्यापीठांचीही दृष्टी तिकडे वळली, यात नवल ते काय?

पेटंट म्हणजे लोभच, असे मात्र समजण्याचे कारण नाही. १९२३ साली बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी इन्सुलिनच्या पेटंटाचे हक्क एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. कोणा एकाने मक्तेदारी करून मधुमेही रुग्णांना वेठीस धरू नये, हा त्यामागील विचार. साधन तेच, पण तेथे ते कुंपणासारखे नव्हे, तर राखणदारासारखे वापरले गेले.

हळदीच्या प्रकरणात झगडा दिला तो आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने. तिचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे गोव्यातील माशेलचे सुपुत्र. १९९६ साली परिषदेने फेरतपासणीची मागणी केली. अडचण अशी, की अमेरिकेच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे परदेशातील तोंडी परंपरा पुरावा म्हणून ग्राह्य नव्हती. छापील आधार हवा होता. कोट्यवधी आजींची साक्ष निरुपयोगी ठरली! अखेर संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील उतारे आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक निबंध, असे बत्तीस आधार सादर झाले. १९९७ साली पेटंट कार्यालयाने परिषदेचे म्हणणे मान्य केले. पुढे असे लढे वारंवार लढावे लागू नयेत, म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभारण्यात आला.

विशेष म्हणजे, हेच माशेलकर भारतीय शास्त्रज्ञांना खऱ्या नव्या शोधांची पेटंटे घेण्याचा आग्रह धरीत आले आहेत. यात विसंगती नाही. नवे निर्माण करणाऱ्याला मोबदला मिळावा. पण सर्वांचे आहे ते एकाच्या नावावर चढू नये, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेच्या धर्तीवरील विधेयक २००८ साली आपल्या राज्यसभेतही मांडले गेले होते. त्याचा कायदा झाला नाही. परंतु स्वतःचा खर्च स्वतः भागवा, असा तगादा आपल्या विद्यापीठांमागेही आहे. उद्योगांचा पैसा प्रयोगशाळेत अवश्य यावा. मात्र कोणता प्रश्न संशोधनास योग्य, हे जर केवळ त्यातून होणाऱ्या प्राप्तीवर ठरू लागले, तर ज्या रोगाचे रुग्ण गरीब आहेत, त्याच्या संशोधनाला वाली कोण? आपली मुले-नातवंडे उद्या संशोधनाच्या वाटेला लागतील, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे आपणच ठेवावयास हवा.