हुमणी वरून दिसत नाही



या पानावर एरवी आम्ही लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या खेपेला विषय निराळा आहे. आपल्याच एका सभासदाच्या घरात जे घडले ते त्यांच्या संमतीने, नावगाव गाळून, सांगत आहोत.

मागच्या गळीत हंगामात हे गृहस्थ आमच्या गट ऑफिसात आले. "साहेब, बिलातली थोडी उचल लवकर मिळंल का?" कारण विचारले तर मान खाली. चहा झाल्यावर बोलले. थोरला मुलगा आयटीआय करून अंबरनाथ पूर्वेला, आनंदनगर एमआयडीसीत कामाला. तीन महिन्यांत चारदा पैसे मागितलेले. अंगावरचे कपडे ढिले झालेले. "रातरात झोपत नाय. दाराला कान लावून बसतोय. म्हणतोय, माझ्यामागं माणसं लावल्यात."

आम्ही शहाणपणाने सांगितले, "तात्या, पोराला गावी आणा, पाण्याच्या पाळीवर उभा करा. घाम गळला की खूळ जाईल." ही आमची चूक झाली. पोरगा आला तो तीन दिवस नुसता झोपला. चौथ्या दिवशी विहिरीच्या काठावर एकटाच बसलेला आईला दिसला. "मला आता जगायचं नाय," म्हणाला. आई वेळेवर पोचली म्हणून निभावले. पाचव्या रात्री तो कुणाला न सांगता परत अंबरनाथला गेला.

मग आम्ही आणि तात्या गाडीत बसलो. अंबरनाथ पूर्वेला शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर आहे, ते पाहायची इच्छा फार दिवसांची. पण त्या दिवशी तिकडे पाय वळले नाहीत. एका खोलीत चार पोरं राहत होती. खोलीतल्या सोबत्याने सगळे सांगितले. रात्रपाळीला जोडून दुसरी पाळी केली की जादा पैसे. झोप उडवायला कुणीतरी 'एमडी'ची पुडी दिली. पहिली फुकट, नंतरची उधारीवर, मग पगार त्यातच.

हे आहे तरी काय?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. 'आइस' किंवा 'क्रिस्टल' म्हणतात ते मेथॅम्फेटामिन, दिसायला खडीसाखरेच्या तुकड्यासारखे. दोन्ही एकाच कुळातली, मेंदूला चाबूक मारणारी रसायने. मेथॅम्फेटामिन जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८९३ साली इफेड्रिनपासून बनवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि जपानी सैनिकांना ते जागे राहण्यासाठी दिले गेले. युद्धानंतर जपानात त्याचे व्यसन एवढे पसरले की १९५१ साली खास कायदा करावा लागला. म्हणजे 'झोप उडवायची गोळी' ही थाप जुनीच आहे.

हे विष शरीरात गेले की मेंदूत आनंदाचे रसायन एकदम उसळते. भूक नाही, झोप नाही, दमणूक नाही. पण ही ताकद बाहेरून आलेली नसते, शरीराची पुंजीच उधळलेली असते. नाडी आणि रक्तदाब चढतो, अंग तापते. ऐन तरुण पोरालाही हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. तोंड कोरडे पडून, दात खाऊन दात किडतात. एमडी नाकाने ओढणाऱ्याच्या नाकातून रक्त येते. पुढे संशय, भास, कानात आवाज. आणि नशा उतरली की गाढ झोप, घोर उदासी, जिवावर उदार होणे. विहिरीचा काठ आम्हाला तेव्हा कळला नाही, तो याचाच भाग होता.

हुमणी लागलेला ऊस बघा. वर पान हिरवे, खाली मुळ्या खाल्लेल्या. पान पिवळे पडते तेव्हा ऊस हाताने उपटून येतो.

आपल्या शिवारातही

हे शहराचे दुखणे म्हणून सोडून देऊ नका. अंबरनाथ ज्यांच्या हद्दीत येते त्या ठाणे पोलिसांनी एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यातून टनावारी इफेड्रिन पकडले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात, फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यात कुरकुंभला, मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला एमडीवर छापे पडले. हा सारा उसाचा, द्राक्षाचा मुलूख. तेव्हा पडीक शेड किंवा पोल्ट्री कुणी अनोळखी दुप्पट भाड्याने मागू लागला, तर आधी चौकशी, मग चावी.

करायचे काय?

मारझोड, कोंडून ठेवणे, घाईने लग्न लावून देणे, यांतले काही करू नका. या व्यसनाला उतारा म्हणून एखादे औषध नाही. समुपदेशन, घरच्यांची साथ आणि वेळ हाच उपचार. पहिले काही दिवस माणसाला एकटे सोडू नये. छातीत दुखले, अंग फार तापले, झटका आला तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची फोनसेवा १४४४६ आहे. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करते.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ लोक गप्प बसतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. विकणाऱ्याला मात्र दया नाही. एमडी २०१५ पासून याच कायद्यात आहे, आणि ५० ग्रॅमच्या वर सापडल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी.

तात्यांना धास्ती होती धाकट्या मुलीच्या लग्नाची. "गावात कळलं तर कोण येणार दारात?" आम्ही म्हटले, "तात्या, पोरगं गेलं तर कोण येणार?" दुसऱ्या दिवशी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले. मध्ये एकदा घसरला. केंद्रातल्या ताई म्हणाल्या, असे होते, परत उभे करायचे. आज आठ महिने झाले. परवा ठिबकच्या नळ्या पसरायला बापाबरोबर शेतात होता. अंग अजून भरलेले नाही, पण जेवतो आणि झोपतो.

वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर येतात. एकट्याने गोळा करून भागत नाही, सगळे शिवार लागते. इथेही तसेच आहे. आपली पोरे अंबरनाथ, बदलापूर, चाकण, कुठे कुठे कामाला आहेत. पैसे पोचले का एवढेच विचारू नका. झोपतोस का, जेवतोस का, हेही विचारा. शंका आली तर गट ऑफिसात या. आम्ही सोबत येऊ.

— ऊस विकास अधिकारी